कलम सात आणि लाकडी बैल

पाहुणे येणार म्हणून वर्धा रोडच्या खांबांवर
आठ दिवसांत वारली नाचली.
नागपुरात वारली कुठून, कुणी विचारलं नाही.
नाल्याकडच्या वस्तीपुढं हिरवं कापड ताणलं,
कुंड्या मांडल्या,
आणि पहिल्याच रात्री त्यातल्या चाळीस
स्कूटरवर बसून आपापल्या घरी गेल्या.

मी दुभाषी.
विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात
आम्ही चौघं रशियन शिकलो, तिघं बँकेत लागले.
मला त्या आठवड्यापुरतं गळ्यात ओळखपत्र मिळालं,
आडनावाची वेलांटी चुकलेली.

भेटवस्तूवर दोन तास बैठक.
संत्रा बर्फी नको, संत्र्यावरच तर वाद आहे:
सालीवरच्या कसल्याशा डागासाठी
त्यांनी आपले ट्रक अडवलेले,
मसुद्यातलं कलम सात तेच.
शाल झाली, कलश झाला,
मग कुणीतरी म्हणालं, तान्हा पोळा आलाच आहे,
चाकांचा बैल द्या.

चितार ओळीत दौलतराव बावणे
गणपतीचे डोळे आखत होते.
डोळे आखताना ते बोलत नाहीत.
सव्वीस मूर्ती डोळस होईस्तोवर
प्रोटोकॉलचे साहेब घाम पुसत उभे.
मग ब्रश पाण्यात बुडवून:
"बैल कोनासाठी?"
बिश्केकच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांसाठी.
"लेकरू किती वर्साचं हाये?"
साठ.
"हाओ. मंग मोठा देतो."

हॉटेलात दंडारीला सात मिनिटं होती,
अंगात येता येता संपली.
साहेब म्हणाले, हे आमच्या कृषी संस्कृतीचं प्रतीक.
मी अनुवाद केला.
'प्रतीक' हा शब्द टेबलावर
पडलेल्या चमच्यासारखा वाजला.
पाहुण्यानं बैल उलटा केला, चाकं फिरवून पाहिली,
विचारलं, याचं नाव काय?

फाइलमध्ये नाव नव्हतं.
मी म्हणाले, चांद्या.
कुणीही न बोललेलं वाक्य
त्या दिवशी मी पहिल्यांदा अनुवादलं.

मग तो सांगू लागला,
मेंढीच्या घोट्याची हाडं, वर उडवायची, झेलायची,
आईनं एक लाल रंगवून दिलेलं.
काय म्हणतात? साहेबांनी विचारलं.
मी क्षणभर अडले, मग म्हणाले, सागरगोटे.
पलीकडून कृषी सचिव बाई फाइल मिटत म्हणाल्या,
मी पाच झेलायचे, उलट्या पंजावर.
त्यानं सहा सांगितले. बाईंनी मान्य केलं नाही.

दुसऱ्या दिवशी कलम सातवर चार तास.
दोन्ही बाजू आपापल्या स्वल्पविरामाला धरून.
बैल पाण्याच्या बाटल्यांमध्ये उभा होता.
त्यानं नकळत बोटानं ढकलला,
चाक म्हणालं, कुईंऽ.
सगळे गप्प झाले, कुणीसं हसलं,
आणि जेवणाची सुट्टी झाली.
कलम जसंच्या तसं राहिलं.
त्या हिवाळ्यात संत्री कॉटन मार्केटलाच उतरली.
मी हे खोटं सांगणार नाही.

अकरा महिन्यांनी ईमेल आला,
मंत्रालयाला नाही, मला.
नात बैल ओढत घरभर फिरते,
चाक कुरकुरतं, खालचे शेजारी भांडतात, काय करावं?

दौलतराव पुन्हा डोळ्यांवर होते. मी थांबले.
"एरंडेल टाक म्हना त्याले. दोन थेंब. जास्त नाई."
माझ्या शब्दकोशात एरंडेल म्हणजे जुलाबाचं औषध,
म्हणून मी पुढं लिहिलं:
चाकाला. बैलाला नव्हे.

उत्तर चौथ्या दिवशी.
आवाज गेला. शेजारी खूश.
नात मात्र रुसून बसली आहे,
तिला चांद्याचा आवाज परत हवा.

मी वाचून दाखवलं.
दौलतरावांनी मान वर केली नाही,
डाव्या डोळ्याची कड पूर्ण केली,
म्हणाले,
"मंग पुसून टाक म्हना."